साहेबांचा क्रमांक सहावा

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता, जेवणाच्या टेबलावर बसून, एका हाताने चहा ढवळत वकीलबाईंनी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना निलंबित केलं. आपण काय करून बसलो आहोत हे त्यांना स्वतःला कळायला मात्र पावणेअकरा वाजले.

वकीलबाई म्हणजे नगरपालिकेच्या कामगारविषयक वकील. पालिका आणि तिचे नोकर यांच्यात जे जे काही बिनसेल ते त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. कुणी न सांगता आठवडाभर गायब झाला, कुणाची बढती भलत्यालाच मिळाली, कुणी वरिष्ठाला नको ते ऐकवलं, की नोटीस बाईंची, आरोपपत्र बाईंचं, आणि प्रकरण कोर्टात गेलं की उभं राहायचंही बाईंनीच. चौदा वर्षं त्या पालिकेची बाजू मांडत होत्या. पालिकेची बाजू म्हणजे आपली बाजू, असा मुख्याधिकारी साहेबांचा समज होता. बाईंचा तसा नव्हता, पण त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

इतकी पत्रं लिहून हात मोडायची वेळ यायची, म्हणून बाईंनी कॉम्प्युटरवर एक नमुना तयार केला होता. वरच्या चौकटीत माणसाचं नाव आणि हुद्दा एकदाच लिहायचा. खाली पत्रात जिथे जिथे नाव लागेल तिथे तिथे ते आपोआप जाऊन बसायचं. शेजारच्या दोन पालिकांच्या वकिलांनी हा नमुना मागून नेला होता, आणि ही गोष्ट बाई कोणत्याही विषयावरच्या गप्पांत बेमालूम आणू शकत.

त्या सकाळी दोन पत्रं तयार करायची होती. पहिलं अगदी सरळ होतं. डोंगरावरच्या एका हॉटेलात मुख्याधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण होतं, आणि साहेब स्वतःच्या सहीने स्वतःला तिकडे पाठवणार होते. दुसरं पत्र लिहायचं बाईंच्या जिवावर आलं होतं. ते पंपकाकांचं होतं.

पंपकाका पूर्वेकडच्या पंपघरावर तीस वर्षं नोकरीला. अकरा महिन्यांपूर्वी पंप बंद पडला, अर्धं शहर दोन दिवस कोरडं राहिलं, लोक घागरी घेऊन पालिकेच्या दारात आले, आणि साहेबांनी त्याच दुपारी काकांना निलंबित करून टाकलं. तेव्हापासून काका रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला पालिकेच्या दप्तरखान्यात सही करायचे आणि मधला सगळा दिवस तिथल्या बाकावर बसून काढायचे. त्यांची चौकशी झाली नाही, सुनावणी झाली नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. एकदा जिन्यात भेटले तेव्हा बाईंना म्हणाले होते, "निर्दोष ठरवा असं म्हणत नाही बाई. पण शेवटचा दिवस पंपावर जाऊ द्या. माणूस कामावरून घरी जावा, बाकावरून नको." बाई त्या रात्री नीट जेवल्या नव्हत्या.

आता गुरुवारी कामगार कोर्टात काकांची तारीख होती. कामगार संघटनेच्या वकिलांनी आक्षेप घेतला होता की मूळ आदेशात निलंबनाचं कारणच लिहिलेलं नाही. म्हणून साहेबांनी बाईंना फर्मावलं होतं की कारणासकट नवा, सुधारित आदेश काढा. आरोपाचा मजकूर त्यांनी फोनवर सांगितला. बाईंनी तीनदा लेखी कळवलं होतं की हे प्रकरण टिकणार नाही, मिटवा. साहेबांनी तिन्ही वेळा खाली सही केली होती आणि काहीही मिटवलं नव्हतं.

बाई चौकटी भरायला लागल्या आणि आतून सासूबाईंची हाक आली.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"मी कशाला ठेवीन आई?"

"मग कोण ठेवणार? या घरात वस्तू जागेवर ठेवायची खोड तुलाच आहे."

चष्मा भाजीच्या टोपलीत सापडला. तोवर नऊ वाजत आले होते. बाई धावत टेबलाशी आल्या, राहिलेल्या चौकटी भराभर भरल्या, दोन्ही पत्रं कार्यालयात पाठवून दिली आणि चप्पल पायात सरकवली. साहेबांचं नाव निलंबनाच्या चौकटीत गेलं होतं आणि काकांचं प्रशिक्षणाच्या.

दुसरं एखादं कार्यालय असतं तर ही चूक दुपारपर्यंत कुणाच्या तरी लक्षात आली असती. पण हे साहेब कामाला वाघ होते. फाईल तुंबलेली त्यांना खपत नसे. जिथे सही हवी तिथे लाल चिठ्ठी लावायची, आणि सही झालेला कागद अर्ध्या तासात बाहेर पडलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. सही झालेल्या आदेशाबद्दल कुणीही शंका विचारू नये, असंही त्यांनी एका परिपत्रकाने कळवून ठेवलं होतं. साडेनऊला साहेबांनी अकरा मिनिटांत बेचाळीस सह्या ठोकल्या. दहाच्या आत सगळ्या कागदांना जावक क्रमांक पडले, आणि प्रती जिथे जायच्या तिथे गेल्या.

साडेदहाला साहेब बॅग घेऊन बाहेर आले. दारात गाडी नव्हती. हेडक्लार्क मात्र होते.

हेडक्लार्कना सगळे भाऊ म्हणत. भाऊंच्या मनात कुणाबद्दल काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना त्यांची भीती वाटे. समोर आदेश आला की ते त्याची अंमलबजावणी करत; मग तो कुणाचाही असो, कुणाविरुद्धही असो.

"भाऊ, गाडी कुठाय?"

"गेली साहेब. अधिकाऱ्यांना घेऊन प्रशिक्षणाला."

"कुठल्या अधिकाऱ्यांना? अधिकारी इथे उभा आहे."

"पत्रात नाव होतं त्यांना. साहेब, त्याआधी एवढी पोच द्या."

भाऊंनी कागद पुढे केला. लाल चिठ्ठी दिसताच साहेबांचा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि त्यांनी बॅग काखेत धरून सही केली.

"आता केबिनची किल्ली द्या," भाऊ म्हणाले. "आणि दप्तरखाना पलीकडे आहे. आज पहिलाच दिवस, म्हणून दहाची सही साडेदहाला चालवून घेतो."

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा कागद वाचला. वाचता वाचता ते खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

पावणेअकराला बाईंना बोलावणं आलं. कागदावर नजर पडताच त्यांना सगळं कळलं. चौदा वर्षांत एक स्वल्पविराम चुकला नव्हता, आणि आता हे. "साहेब," त्या म्हणाल्या, "ही चूक माझी..."

"कुणाची चूक ते नंतर बघू," साहेब ओरडले. "आधी रद्द करा."

रद्द करणं म्हणजे हातचा मळ होता. माणूस स्वतःच स्वतःला निलंबित करू शकत नाही, आदेश मुळातच पोकळ आहे, असं एक वाक्य लिहिलं की संपलं. बाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात भाऊ खाकरले.

"बाई, गेल्याच आठवड्यात आपण कोर्टात काय लिहून दिलंय?"

पंपकाकांच्या प्रकरणातलं म्हणणं भाऊंनीच टाईप केलं होतं, आणि भाऊ जे टाईप करत ते त्यांना पाठ होत असे. त्यांनी हात मागे बांधून म्हणून दाखवलं. "निलंबनाचा आदेश एकदा बजावला गेला की, त्यात कितीही गंभीर चूक असली तरी, आढावा समितीने मागे घेईपर्यंत तो पूर्णपणे लागू राहतो."

साहेबांनी काखेतली बॅग खाली ठेवली.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत साहेब," बाई म्हणाल्या. "मी नको म्हटलं होतं. तुम्ही शपथेवर सही केलीत."

इथेच घोडं पेंड खात होतं. चूक असलेला आदेश सोमवारी साहेबांच्या बाबतीत पोकळ ठरवायचा आणि गुरुवारी काकांच्या बाबतीत भक्कम, असं केलं तर संघटनेचे वकील भर कोर्टात पालिकेची अब्रू वेशीला टांगतील, हे साहेबांनाही कळत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मीच मागे घेतो. आणा कागद."

"निलंबित माणसाला सहीचा अधिकार नाही," भाऊ म्हणाले.

"मग उपमुख्याधिकाऱ्याला कार्यभार देतो."

"तेही सहीनेच द्यावं लागतं साहेब."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत प्रश्न होता. "मग काय करायचं बाई?"

बाई या प्रश्नाची किती वर्षं वाट पाहत होत्या. त्यांच्या डोक्यात एक विचार आला. विचार इतका नियमाला धरून होता की त्यांना स्वतःचीच थोडी भीती वाटली.

"आढावा समिती बोलवायची. नगराध्यक्षा, मी आणि भाऊ. दोन दिवसांची नोटीस लागते. बुधवारी होईल."

"ही समिती शेवटची कधी बसली होती?"

"तीन वर्षांपूर्वी. तारीख तुम्ही द्यायची असते, आणि तुम्हाला वेळ झाला नाही. मुख्याधिकारी तारीख देऊ शकत नसतील तर ती नगराध्यक्षांना देता येते. आता ती अडचण उरलेली नाही."

"बरं. बुधवारी सकाळी पहिलं माझं प्रकरण घ्या."

"तसं करता येत नाही," बाई आणि भाऊ एकदमच म्हणाले. प्रकरणं निलंबनाच्या तारखेच्या क्रमानेच घ्यायची, एकाचा निकाल लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, असा नियम होता. भाऊंनी यादी काढली. पहिला क्रमांक पंपकाकांचा. त्यानंतर आणखी चौघं. साहेबांचा क्रमांक सहावा.

साहेब दप्तरखान्यात गेले. धूळ खात पडलेल्या कपाटांच्या मधोमध तो बाक होता. एका टोकाला पालिकेच्या बागेचा माळी, दुसऱ्या टोकाला जन्ममृत्यू नोंदणीतली एक कारकूनबाई. मधली जागा काकांची, ती आज रिकामी होती. अग्निशमनचा ड्रायव्हर आणि बाजार निरीक्षक समोरच्या कपाटाला टेकून बसले होते. निलंबितांनी कार्यालयीन वेळेत दप्तरखाना सोडू नये, हे परिपत्रक भिंतीवर लावलेलं होतं. खाली सही कुणाची ते साहेबांना उठून बघायची गरज नव्हती.

पहिला तास त्यांनी छताकडे बघण्यात घालवला. मग माळ्याला विचारलं, "तुम्ही इथे कशासाठी?"

"तुम्हीच केलंत साहेब."

"ते कळलं. पण कशासाठी?"

"बागेची मेंदी कापली म्हणून. कापा असा आदेश सोमवारी आला, का कापली असा बुधवारी आला. दोन्हींवर सही तुमचीच."

साहेब कारकूनबाईंकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मला माहीत नाही," कारकूनबाई विणकामावरची नजर न काढता म्हणाल्या. "आदेशात कारण नव्हतं. सहा महिने झाले. तिसरा स्वेटर चालू आहे."

तिकडे काकांचं वेगळंच चाललं होतं. ड्रायव्हर दप्तरखान्यात पत्र घेऊन आला तेव्हा काका आधी घाबरले, मग त्यांनी सही ओळखली. साहेबांची सही असलेला कागद म्हणजे हुकूम, एवढं त्यांना तीस वर्षांत कळलं होतं. ते घरी जाऊन धुतलेला शर्ट घालून आले आणि गाडीत मागे बसले. ड्रायव्हर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा "सर" म्हणाला.

मंगळवारी सकाळी प्रशिक्षण संस्थेच्या संचालकांचा फोन आला. केबिनला कुलूप होतं, म्हणून तो भाऊंच्या टेबलावर आला. भाऊंनी साहेबांना दप्तरखान्यातून बोलावलं, परवानगीची नोंद केली आणि फोन हातात दिला. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"अहो, कसला माणूस पाठवलात," संचालक म्हणत होते. "आम्ही विचारलं, एवढी मोठी यंत्रणा सुरळीत कशी ठेवायची. बाकीच्यांनी तक्ते दाखवले. हे म्हणाले, रोज सकाळी जाऊन यंत्राला कान लावायचा. बिघाड आधी आवाजात येतो, मग कामात. आणि खालच्या माणसाने आवाज येतोय असं सांगितलं तर त्याचं ऐकायचं. साठ अधिकारी लिहून घेत होते. मी स्वतः लिहून घेतलं. हे तुमच्याकडे नेमके कोण?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं.

"आमचे ज्येष्ठ सहकारी आहेत," साहेब शेवटी म्हणाले. "त्यांना उद्या दुपारपर्यंत नक्की पाठवा. त्यांच्यावाचून इथलं सगळं अडलंय."

अडलंय हे अगदी खरं होतं. काकांचं प्रकरण संपल्याशिवाय दुसरं उघडणार नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या आणि त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षा आहे का?"

"हो आई. चौदा वर्षांतली पहिली."

बुधवारी दोनला समिती बसली. नगराध्यक्षा वेळेच्या आधी आल्या होत्या. साहेबांनी गेली दोन वर्षं त्यांची पत्रंही न वाचताच निकालात काढली होती, त्यामुळे ही बैठक चुकवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. भिंतीलगत सहा खुर्च्या होत्या. शेवटच्या खुर्चीत साहेब बसले होते. तीन दिवसांत त्यांचा शर्ट चुरगळला होता आणि आवाज बराच खाली आला होता.

काका गाडीतून उतरून थेट आत आले, नमस्कार केला आणि पहिल्या खुर्चीच्या काठावर टेकले.

"क्रमांक एक," भाऊ म्हणाले.

बाई उठल्या. कोर्टात त्या नेहमी पालिकेच्या बाजूने उभ्या राहत. आजही त्या पालिकेच्याच बाजूने उभ्या होत्या, फक्त आज त्यांना ते मनापासून वाटत होतं.

"अध्यक्षा, निलंबित माणसाला कामगिरीवर पाठवता येत नाही. कामगिरीवर पाठवलं, याचा अर्थ तो कामावर आहे. मुख्याधिकाऱ्यांनी सोमवारी साडेनऊ वाजता, स्वतःच्या सहीने, यांना पालिकेचे अधिकारी म्हणून प्रशिक्षणाला पाठवलं. तेव्हा साहेबांना तो अधिकार पूर्णपणे होता. निलंबनाची पोच त्यांनी साडेदहाला दिली. म्हणजे यांचं निलंबन सोमवारीच संपलं आहे."

"मग आम्ही काय करायचं?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"काहीच नाही. फक्त नोंद घ्यायची."

"आणि त्यांच्यावरचा आरोप?"

"मूळ आदेशात आरोप नव्हता. सुधारित आदेशात आहे, पण तो आदेश यांच्या नावाचा नाही." बाईंनी सहाव्या खुर्चीकडे न बघण्याची काळजी घेतली. "यांच्याविरुद्ध पालिकेच्या दप्तरात आज एक अक्षरही नाही."

काकांना एवढं सगळं कळलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी उद्या कुठे सही करू?"

"पंपघरात, काका," बाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी उगाच फाईल चाळली. काकांनी टोपी काढून दोन्ही हातांनी धरली.

पुढची प्रकरणं कधी सुरू झाली आणि कधी संपली ते कळलं नाही, कारण साहेबांना आपल्या क्रमांकाची घाई झाली होती. माळ्याची फाईल उघडताच ते उभे राहिले. "मेंदी मीच कापायला सांगितली होती. सोडा त्यांना." कारकूनबाईंची फाईल उघडायच्या आधीच म्हणाले, "यात कारणच नाही. सोडा." अग्निशमनच्या ड्रायव्हरच्या वेळी ते म्हणाले, "यांना मी का निलंबित केलं ते मला आठवत नाही, म्हणजे फार काही नसणार." बाजार निरीक्षकाच्या वेळी ते नुसतेच हात जोडून उभे राहिले. भाऊंनी प्रत्येक शब्द इतिवृत्तात उतरवून घेतला. अकरा महिन्यांत न सुटलेली प्रकरणं पस्तीस मिनिटांत सुटली. कारकूनबाई स्वेटर गुंडाळत म्हणाल्या की तेवढी बाही राहिली, ती आता घरी पूर्ण करीन.

"क्रमांक सहा," भाऊ म्हणाले.

साहेब पुढे येऊन उभे राहिले. नगराध्यक्षांनी आरोप मोठ्याने वाचला. "पूर्वेकडच्या पंपाच्या बेअरिंगमधून आवाज येत असल्याचं माहीत असूनही आपण वेळेत काहीही केलं नाही. त्यामुळे पंप बंद पडला आणि अर्धं शहर दोन दिवस पाण्यावाचून राहिलं." त्यांनी मान वर केली. "यावर आपलं म्हणणं?"

"हा मजकूर माझ्यासाठी नव्हताच," साहेब म्हणाले. "तो यांच्यासाठी होता. आवाज येतोय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"पाच वेळा लिहून दिलं होतं साहेब," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी, तसं त्यांनी ते सांगितलं.

बाईंनी फाईलमधून पाच कागद काढून टेबलावर एकाशेजारी एक मांडले. काकांचं मोठं, गोल अक्षर. 'बेअरिंगचा आवाज वाढला आहे, बदलून मिळावं.' पाचही कागदांवर खाली साहेबांची सही होती आणि प्रत्येक सहीशेजारी लाल चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

साहेबांनी एक एक कागद उचलला. पहिला वाचला, दुसरा वाचला. पाचवा वाचून झाल्यावर ते तोच पुन्हा वाचायला लागले. नगराध्यक्षा काहीतरी खोचक बोलायच्या तयारीत होत्या, पण त्यांनी ते गिळलं.

"आरोप मान्य आहे," साहेब म्हणाले. मग ते काकांकडे वळले. "तुम्ही अकरा महिने माझ्या जागेवर बसला होतात."

काका एकदम उठून उभे राहिले. "असं नका म्हणू साहेब."

"खरं तेच म्हणतोय."

समितीने निलंबन मागे घेतलं आणि साहेबांना लेखी ताकीद दिली. आणखी काही शिक्षा सुचवायची आहे का, असं नगराध्यक्षांनी काकांना विचारलं.

"शिक्षा कसली. पण येताना गाडी पंपघरापाशी थांबवली होती. बेअरिंग अजून तेच आहे. ग्रीस थापून चालवतायत. ते बदला."

साहेबांनी अधिकार परत मिळाल्यावरची पहिली सही बेअरिंगच्या मागणीवर केली. तीही वाचून.

गुरुवारी संघटनेचे वकील कोर्टात जाडजूड फाईल घेऊन आले होते. पंपकाका सकाळी सहापासून कामावर आहेत, प्रकरणात आता काही उरलेलं नाही, असं बाईंनी सांगितलं आणि तीन मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "बाई, मग हे जिंकलं कोण म्हणायचं?"

"पालिका," बाई म्हणाल्या आणि ताठ मानेने जिना उतरल्या.

आता एकच गोष्ट त्यांच्या मनाला खात होती. दोन दिवसांत अख्ख्या पालिकेत पसरलं होतं की बाईंनी काय डाव टाकला. माळ्याने फुलं आणून दिली. कारकूनबाईंनी चौथा स्वेटर बाईंच्याच मापाचा करायला घेतला. नगराध्यक्षा तर फोनवर म्हणाल्या, "एवढं डोकं चालतं तर निवडणुकीला का नाही उभ्या राहत?" बाई प्रत्येकाला सांगत होत्या की अहो, चूक झाली माझी, नावं उलटसुलट पडली. ऐकणारा डोळे मिचकावून म्हणायचा, "हो, हो. चूकच ती."

बाईंना हे श्रेय पचेना. शेवटी शुक्रवारी त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस काढली, स्वतःच तिला दीड पानी खुलासा दिला, कामाच्या घाईत निष्काळजीपणा झाला, कोणताही हेतू नव्हता, असं स्पष्ट लिहिलं आणि कागद साहेबांपुढे नेऊन ठेवला.

साहेबांनी तो सगळा वाचला. आता वाचायला त्यांना वेळ लागत असे. बाहेर फायलींचा ढीग लागला होता आणि भाऊ काळजीत होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," साहेब म्हणाले, "की हे सगळं चुकून झालं."

"हो साहेब."

"काकांचं नाव नेमकं प्रशिक्षणात. माझं नेमकं निलंबनात. आरोप नेमका मला लागू पडणारा. समिती नेमकी गुरुवारच्या आदल्या दिवशी. आणि हे सगळं चुकून."

"हो साहेब. अगदी शपथेवर."

साहेबांनी खुर्चीत रेलून त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही चौदा वर्षं वकिली करता. समोरच्या पक्षाने असा बचाव आणला असता तर तुम्ही त्याला उभं तरी केलं असतंत का?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं केलं.

साहेबांनी पेन उचललं आणि खुलाशाखाली शेरा मारला: 'वाचला. खुलासा विश्वासार्ह नाही, सबब अमान्य. सदर कृत्य जाणूनबुजून केल्याचे सिद्ध होते. संबंधितांचे अभिनंदन करावे.' खाली सही केली. भाऊंनी तिथल्या तिथे जावक क्रमांक टाकला, आणि आता त्या कागदाला कुणाच्या बापाला हात लावता येणार नव्हता.

या आदेशाविरुद्ध दाद मागायची तर ती आढावा समितीपुढे, आणि समितीत बाई स्वतःच होत्या. तेव्हा त्यांनी पोच दिली, कागद फाईलला लावला आणि पुढची नोटीस काढायला बसल्या.